पहिली ओळ देवाची

चनबसप्पा हत्तुरे यांनी जन्मात कधी कोऱ्या कागदाला थेट हात घातला नाही. कागद कसलाही असो, आधी वर मधोमध "॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥", त्याखाली एक सरळ रेघ, आणि मग तुमचं काय असेल ते. सुताच्या पेढीवर दिवाणजी म्हणून उभी हयात गेली, तिथली ही सवय. पण पेढीपुरती राहील तर ती सवय कसली! किराण्याच्या यादीवर श्री सिद्धेश्वर, दळणाच्या डब्यातल्या चिठ्ठीवर श्री सिद्धेश्वर. एकदा घरचं विजेचं मीटर फार पळतंय म्हणून त्यांनी तक्रारीचा अर्ज लिहिला, तर त्याच्याही डोक्यावर तेच. त्यांची बायको काशम्मा अर्ज वाचून म्हणाली, "देव प्रसन्न हाय म्हणून वर लिवलंय की, मग खाली रडताय कशाला?"

काशम्मा अक्कलकोटकडची. तिची जीभ मराठीत सुरू होते, कानडीत संपते आणि मधे कुठंतरी समोरच्याला लागते. पण चनबसप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या कानाला घट्टे पडतात.

पुढं मालकांची मुलं पुण्याला गेली, पेढीला कुलूप लागलं आणि चनबसप्पा घरी बसले. आता घरी बसलेला माणूस काय करतो? बायकोच्या राज्यात लुडबुड करतो. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर आधी देव, मग 'हळद'. भाकरी तव्यावर असताना काशम्माला डबा सापडेना. दुसऱ्याच दिवशी तिनं सुनेला सांगितलं, "ह्यांना कुटंतरी कामाला लाव बाई, न्हायतर मी माहेरी जाते. या वयात माहेरी गेले तर लोक काय म्हणतील ते तुमी बगा."

सुनेनं मग आपला जुना लॅपटॉप काढला आणि सासऱ्याला एक्सेल शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा नुसतं उघडून दाखवलं. पडद्यावर तयार उभ्या-आडव्या रेघा बघून चनबसप्पा हरखूनच गेले. "अगं, रेघा मारायची कटकटच गेली की!" म्हणाले. महिनाभरात बोटं बसली. आणि सुनेच्याच ओळखीनं सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका छोट्या आरोग्य केंद्रात त्यांना काम लागलं.

केंद्र होतं डॉक्टर दाक्षायणी मॅडमचं. बिडी वळणाऱ्या बायकांची तपासणी करायचं. कार्यकर्त्या घरोघर जायच्या, कुणाचं रक्त किती, वजन किती, खोकला आहे का, हे छापील फॉर्मवर भरून आणायच्या. ते फॉर्म चनबसप्पांच्या टेबलावर. त्यांनी ते एक्सेलमध्ये भरायचे. मग आत बसणारे आकडेवारीचे सर ती फाइल एका दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचायला द्यायचे, आणि ते सॉफ्टवेअर सरासऱ्या, टक्के, तक्ते असलं काय काय ओकायचं. त्यावर मॅडमचा अहवाल. त्या अहवालावर केंद्राचं सगळं काम चालायचं.

चनबसप्पा तर खूश! सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि स्वारी सायकलवर. नवी फाइल उघडली की चपला टेबलाखाली काढायच्या. पहिल्या ओळीतल्या सगळ्या चौकटी जोडून एक लांब चौकट करायची, तिला भगवा रंग द्यायचा आणि तिच्यात मधोमध देवाचं नाव. दुसऱ्या ओळीत नाव, वय, वजन, एचबी असे मथळे. आणि तिसऱ्या ओळीपासून बायका. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्या दिवसापासून ते घरात काशम्माला "बीट खा, बीट खा" म्हणून पिडायला लागले होते.

दोन वर्षं असं सुरळीत चाललं. मग आकडेवारीच्या सरांना दुसरीकडं चांगली नोकरी लागली, ते गेले, आणि त्यांच्या जागी प्रतिक्षा आली.

प्रतिक्षा होटगीची. वडील धर्मपाल रेल्वेत होते. पोरगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पहिलीच नोकरी, अंगानं काडी पण बोलायला ठणठणीत. चनबसप्पांनी पहिल्या दिवशी तिला शेंगाचटणी दिली, तिनं दुसऱ्या दिवशी त्यांना घरची कांद्याची भजी आणून दिली, म्हणजे व्यवहार सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तिनं चनबसप्पांची नवी फाइल सॉफ्टवेअरला दिली आणि तिथंच बसून राहिली.

"काका, जरा येता का?"

चनबसप्पा गेले. पडद्यावर लाल अक्षरं.

"हे सरासरी काढत नाहीये," प्रतिक्षा म्हणाली. "सगळ्या आकड्यांना अक्षरं समजतंय. आणि स्तंभाचं नाव काय घेतलंय बघा. श्री सिद्धेश्वर प्रसन्न. पुढच्या स्तंभांना तर नावच नाही."

"मग बरोबर हाय की. वर तेच लिवलंय."

"अहो पण काका, हे सॉफ्टवेअर पहिल्या ओळीत मथळे शोधतं. नाव, वय, वजन. तिथं त्याला देव भेटला. मग दुसऱ्या ओळीतले मथळे त्याला वाटले माहिती. एचबीच्या रकान्यात वरच 'एचबी' असं अक्षरात लिहिलेलं दिसलं, म्हणून त्यानं सगळा रकानाच अक्षरांचा धरला. आता अक्षरांची सरासरी कशी काढणार बिचारं?"

चनबसप्पांना पटलं. माणूस हेकट नव्हता. निदान पुढचं वाक्य ऐकेपर्यंत.

"तेवढी पहिली ओळ काढून टाका ना."

काढून टाका! चनबसप्पांनी कानाला हात लावला. "असं बोलू नको पोरी. आन दोन वर्षं तर चाललं की! आदीचे सर काय येडे होते व्हय?"

आधीच्या सरांच्या जुन्या फाइली प्रतिक्षानं कालच चाळल्या होत्या. तिनं त्यातली एक उघडून दाखवली. मथळे पहिल्या ओळीत. भगवी पट्टी गायब. दुसरी उघडली. तीच गत. तिसरी उघडायला गेली तर चनबसप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

दोन वर्षं! प्रत्येक फाइलमधली ती ओळ त्या माणसानं गुपचूप पुसली होती. तोंडानं एक शब्द नाही. वर रोज सकाळी "नमस्कार हत्तुरे" आणि दुपारी यांच्याच डब्यातली चटणी! चनबसप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मागोमाग रागही आला. "सांगायचं तरी हुतं," ते म्हणाले. "भांडलो असतो, पण कळलं तरी असतं. आता तू बी तसंच करणार का? एक बटन दाबलं की झालं. मला काय कळतंय?"

"नाही करणार," प्रतिक्षा म्हणाली.

"कशावरनं?"

"आमच्या होटगीच्या घराच्या दारावर माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं 'जय भीम' लिहिलं होतं. निळ्या रंगात. गेल्या दिवाळीला रंगारी लावला, त्यानं न विचारता त्यावरून ब्रश फिरवला. त्याचं तरी काय चुकलं, त्याला वाटलं जुनं झालंय. पण वडील कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. नंतर परत लिहिलं, तरी म्हणतात, ते पहिलं होतं ते वेगळं होतं. म्हणून सांगते, तुमच्या देवाला मी हात लावणार नाही. पण तुम्हीच काहीतरी तोड काढा काका. हा अहवाल माझा पहिला आहे."

चनबसप्पा कामाला लागले. डोकं खाजवलं, चहा प्याले, आणि दुपारपर्यंत त्यांना तोड सापडलीही. एक्सेलमध्ये पानं असतात की! देवाला स्वतंत्र पान द्यायचं. पहिलं पान देवाचं, दुसऱ्या पानावर सगळा पसारा. देवळात गाभारा वेगळा आणि मंडप वेगळा असतो, तसं. ते स्वतःवर इतके खूश झाले की पहिल्या पानावर त्यांनी बेलाच्या पानाचं चित्रसुद्धा चिकटवलं.

प्रतिक्षानं फाइल सॉफ्टवेअरला दिली. काही क्षण पडद्याकडं बघितलं आणि तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागली.

"काय झालं?"

"काका, सॉफ्टवेअर म्हणतंय की सगळ्या सोलापुरात बिडी वळणारी एकही बाई नाही. फक्त सिद्धेश्वर आहेत."

"आं?"

"ते पहिलं पानच वाचतं. आधीच्या सरांनी त्याला सगळ्या आज्ञा तशाच लिहून दिल्यात. पहिलं पान, पहिली ओळ. मी त्यात हात घालायला घाबरते. गेल्या सगळ्या वर्षांचे तक्ते त्यावरच चालतात, एक बिघडलं तर सगळं बसेल."

"मग देव दुसऱ्या पानावर..." म्हणता म्हणता चनबसप्पांनीच जीभ चावली. देव दुसरा? प्रतिक्षानं हळूच विचारलं, बायका संपल्या की सगळ्यात खाली लिहिलं तर? चनबसप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं आपणहून "बरं बरं, राहिलं" म्हणून टाकलं. देव परत बायकांच्या वर पहिल्या ओळीत आला, पण पायथ्याशी देव ठेवायची कल्पना त्या पोरीच्या डोक्यात आली तरी कशी, हे ते घरी जाईपर्यंत स्वतःशी पुटपुटत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर गंमत होती. पण बुधवारी दुपारी दाक्षायणी मॅडम बाहेर आल्या. मॅडम मनानं लोण्यासारख्या, पण अहवालाची तारीख जवळ आली की त्यांच्यापुढं उभं राहायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी आधी प्रतिक्षाला धारेवर धरलं.

"तीन दिवस झाले. एक फाइल आत जात नाही? एम.एस्सी. कशात केलंस तू?"

प्रतिक्षा मान खाली घालून उभी. एका वाक्यात सुटली असती. 'मॅडम, काका ओळ काढत नाहीत' एवढं म्हणायचं होतं. पण म्हणाली नाही. चनबसप्पा आपल्या टेबलावरनं बघत होते, आणि ती म्हणत नाहीये हे त्यांना दिसलं. ते उठले.

"मॅडम, चूक माजी हाय. माज्या फाइलीत वर देवाचं नाव असतंय. त्यानं मशीन अडतंय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हत्तुरे, तुमची श्रद्धा मला मान्य आहे. पण तुम्हाला खरं सांगते. पुण्याची एक एजन्सी मागंच लागलीये. फॉर्म पाठवा, आम्ही भरून तयार फाइल देतो म्हणतात. आजवर मी त्यांना नाही म्हणत आले. उद्या दुपारी बाराला मी प्रतिक्षाच्या टेबलापाशी येणार. फाइल आत गेली तर ठीक. नाही गेली तर पुढच्या महिन्यापासून माहिती भरायचं काम एजन्सीला. मला बायकांच्या रक्ताचा हिशेब वेळेवर लागतो हो. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! चनबसप्पांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातले डबे उभे राहिले. परत घरी. परत उंबऱ्यात. घरी बसलेला म्हातारा आणि उंबऱ्यात पडलेली चप्पल एकच, येणारा-जाणारा पायानं सरकवतो. त्यांना कामाच्या पगाराचं इतकं नव्हतं. मुलगा-सून कमावते होते, दोन वेळचं सुखानं मिळत होतं. पण सकाळी उठून कुठंतरी जायचं असणं, आणि तिथं कुणीतरी आपल्या वाटेकडं डोळे लावून असणं, ते गेलं की माणूस मेल्यातच जमा, असं त्यांचं पक्कं मत होतं.

निघताना प्रतिक्षा म्हणाली, "काका, काळजी करू नका. मी बघते काहीतरी." ते नुसतं हसले. लोक असं म्हणतात, म्हणायची पद्धतच आहे.

घरी आल्यावर त्यांनी चहाचा कप तसाच निवू दिला. काशम्मानं ते बरोबर हेरलं. सगळं काढून घेतलं, आणि ऐकून झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अय्यो देवरे! एवड्यासाटी तोंड पाडलंय? मला एक सांगा. सकाळी अंगोळ करून काय करता?"

"लिंगपूजा."

"पूजा झाली की लिंग कुटं ठेवता? देव्हाऱ्यात?"

"गळ्यात."

"मग? देव चोवीस तास गळ्यात हाय की तुमच्या! बोटं चालवताना तो हितं, छातीपाशी बसून बगतोय. त्याला आनि मशीनमदी वेगळी खोली कशाला पायजे? ज्यांचा देव लांब असतो त्यांनी पाटी लावावी. आपलं तसं हाय व्हय?"

चनबसप्पा बघतच राहिले. या बाईनं आयुष्यात एक प्रवचन धड बसून ऐकलं नव्हतं, आणि ही बाई... तरी ते चाचरत म्हणाले, "पण सवय हाय गं. त्याच्याबिगर हातच चालत न्हाय."

"हात न चालायला काय झालं? ती पोरगी तुमच्यापायी बोलणी खाऊन बी तोंड उगडत न्हाय. तिच्यासाटी तरी चालवा."

झालं. हे शेवटचं बरोबर जाऊन बसलं. नोकरीसाठी देव काढला असता तर चनबसप्पांना जन्मभर टोचलं असतं. पण दुसऱ्याच्या लेकीसाठी काढला तर देव काही म्हणणार नाही, एवढं त्यांना त्या देवाविषयी माहीत होतं. काशम्मानं चहा परत गरम करून आणला तेव्हा त्यांनी तो घटाघट पिऊन टाकला.

गुरुवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी केंद्रात हजर झाले. केर काढणाऱ्या बाईंनी नुकतंच दार उघडलं होतं. चपला काढल्या, फाइल उघडली, शर्टाच्या आत हात घालून गळ्यातल्या लिंगाला बोटं लावली. "रागावू नगं," एवढंच म्हणाले, आणि भगव्या ओळीवर जाऊन ती काढून टाकली. सगळं पान एक घर वर सरकलं. मथळे पहिल्या ओळीत आले आणि यादीतली पहिली बाई, अंबूबाई म्हणून होती कुणी, ती दुसऱ्या ओळीत जाऊन बसली. फाइल जतन केली. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलंच. पण प्रतिक्षाला आधी सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. उगाच पोरीला वाटायचं, आपल्यामुळं म्हाताऱ्यानं देव सोडला. बाराला आपोआप कळेल, तेव्हा हसतमुखानं सांगू.

प्रतिक्षा आली ती गालात हसतच आली. "काका, बाराला गंमत आहे," म्हणाली. हिला कसली गंमत, चनबसप्पा मनात म्हणाले, गंमत तर माझ्याकडं आहे. दोघंही सकाळभर एकमेकांकडं बघून हसत होते. चहावालीला वाटलं यांना बढती मिळाली की काय.

बाराला मॅडम आल्या. खुर्ची ओढून बसल्या. प्रतिक्षानं मोठ्या तोऱ्यात कळ दाबली.

लाल अक्षरं! एचबी नावाचा स्तंभ सापडत नाही.

प्रतिक्षाचं हसू जागच्या जागी वाळलं. तिनं परत कळ दाबली. तेच. तिनं स्तंभांची नावं उघडून बघितली, आणि पडद्यावर दिसलं ते असं: नावाच्या जागी 'अंबूबाई', वयाच्या जागी तिचं वय, वजनाच्या जागी तिचं वजन. बिचारी अंबूबाई बायकांतून उठून मथळा होऊन बसली होती.

"असं कसं? काल संध्याकाळी चाललं होतं!" प्रतिक्षा जवळजवळ रडकुंडीला आली. "मॅडम, आईशप्पथ चाललं होतं. मी स्वतः बघितलं."

मॅडमनी पर्समधून मोबाइल काढला आणि एजन्सीचा नंबर शोधायला लागल्या.

चनबसप्पा वाकून पडद्यावर बघायला लागले. हे काय आक्रीत! देवाची ओळ काढली आणि तरी मशीन आडवंच? का काढली म्हणूनच आडवं? क्षणभर त्यांना खरोखर वाटलं, कोप झाला. मग त्यांनी घसा खाकरला. "मॅडम, एक मिनिट. ती ओळ म्या काडली हाय. सकाळीच."

प्रतिक्षा गर्रकन वळली. "कुठली ओळ?"

"देवाची. पहिली. तुजा त्रास नको म्हणून..."

"अहो काका!" प्रतिक्षानं दोन्ही हात डोक्याला लावले. "मी काल सगळी संध्याकाळ बसून सरांच्या त्या आज्ञा उघडल्या! एकेक ओळ वाचून काढली, भीत भीत. त्यात एका ठिकाणी सांगता येतं, कुठल्या ओळीपासून वाचायचं ते. मी त्याला सांगून ठेवलं, दुसऱ्या ओळीपासून वाच, पहिली ओळ देवाची आहे, तिला हात लावू नकोस! आणि तुम्ही ती ओळच काढलीत. मग त्यानं मथळे सोडले आणि अंबूबाईपासून सुरू केलं. त्याची काय चूक!"

चनबसप्पा प्रतिक्षाकडं बघत होते, प्रतिक्षा चनबसप्पांकडं. त्यांनी तिच्यासाठी देव काढला होता आणि तिनं त्यांच्यासाठी देवाला जागा करून ठेवली होती, आणि दोघांनी मिळून त्या गरीब अंबूबाईचा बळी घेतला होता.

आधी खुसखुस ऐकू आली ती मॅडमची. मग त्यांना हसू आवरेना. मोबाइल टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, तरी खांदे हलतच होते. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "मी इथं तीन दिवस डोकं धरून बसलेय, आणि तुम्ही दोघं एकमेकांची मनं राखत बसलात! एकमेकांना सांगायचं तरी होतं!"

"सांगायचंच हुतं," चनबसप्पा खजील होऊन म्हणाले. "बाराला."

"आता काय करू?" प्रतिक्षानं विचारलं. "पहिल्या ओळीपासून वाच म्हणून बदलू का?"

चनबसप्पा काही बोलायच्या आत मॅडमच म्हणाल्या, "काही बदलू नकोस. एवढी खटपट करून लिहिलंस ते राहू दे. हत्तुरे, तुमची ओळ परत घाला."

"पर मॅडम, मी काडली ती मनापासनं काडली हाय. देव गळ्यात हाय माज्या."

"असू द्या. गळ्यातही असू द्या आणि वरही असू द्या. आणि जरा लवकर, माझा अहवाल खोळंबलाय."

चनबसप्पा आपल्या टेबलाशी जाऊन बसले. चपला पायातच होत्या, त्या घाईघाईनं काढल्या. वर एक ओळ घातली, चौकटी जोडल्या, भगवा रंग दिला आणि एकेक अक्षर टिपलं. मागं प्रतिक्षा उभी होती. "श्री नंतर एक जागा सोडा काका," ती म्हणाली, "नेहमी सोडता तुम्ही." तिनं तेवढं लक्षात ठेवलं होतं!

फाइल परत आत गेली. या खेपेला लाल अक्षर नाही. अंबूबाई गपचूप बायकांत जाऊन बसली, आणि पडद्यावर तक्ता उमटला. वयाची सरासरी, वजनाची सरासरी, एचबीची सरासरी. मॅडम पुढं झुकून वाचायला लागल्या आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं, कारण एचबीचा आकडा चांगला नव्हता. "यांना गोळ्या सुरू करायला हव्यात, या महिन्यातच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. चनबसप्पांनी दोन वर्षं ते आकडे भरले होते, पण ते सगळे मिळून काय सांगतात हे त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

जाता जाता मॅडम दारात थांबल्या. "हत्तुरे, पुढच्या महिन्यात अक्कलकोटच्या बाजूची गावं घेतोय. फॉर्मवर निम्मं कानडी असणार. एजन्सीवाल्यांना काही ते कळायचं नाही. तुम्हाला कानडी येतं, तुम्हीच लागाल." आणि त्या गेल्या. प्रतिक्षानं टेबलाखालून हात पुढं केला. चनबसप्पांना आधी कळलं नाही, मग त्यांनीही हात पुढं केला आणि दोघांनी दणकन टाळी दिली.

संध्याकाळी सायकल लावून ते घरात शिरले तेव्हा काशम्मा भाकऱ्या थापत होती. हात तसाच पिठाचा ठेवून तिनं मान वर केली. सकाळपासून तिचाही जीव टांगणीला लागला होता, पण ती तसं दाखवेल तर शपथ.

"काडली का ओळ?"

"काडली."

काशम्मा हळूच म्हणाली, "लई वाईट वाटलं का?"

"परत घातली."

"एन्री? काडली आनि परत घातली? मंजे झालं काय, ते नीट सांगा की!"

चनबसप्पांनी टोपी खुंटीला लावली, पाटावर बसले आणि ताट पुढं ओढलं.

"मंजे उद्या सकाळी डबा लागतोय," ते म्हणाले. "आन दोन भाकऱ्या जास्त घाल. त्या पोरीला तुजी चटणी लई आवडती."